पंधरा वर्षांपुढची मोटारसायकल: घरी काय करावं, कुठे थांबावं

‘गाडीला पंधरा वर्षं झाली, आता भंगारात द्यावीच लागते का?’ ‘हाफ इंजिनचं काम घरी होईल का?’ ‘इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून सकाळी गाडी लागत नाही, कार्बोरेटर बदलू का?’ मोहने, अटाळी, आंबिवली, शहाड या पट्ट्यातले वाचक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. पावसाळा तोंडावर आला की जास्तच. इथल्या चाळींसमोर आणि इमारतींखाली सीडी १००, स्प्लेंडर, पॅशन, बॉक्सर, पहिल्या पिढीची पल्सर, एखादी आरएक्स १०० अजून रोज चालते आहे. एनआरसी कंपनीत नोकरी होती तेव्हा हप्ते फेडून घेतलेल्या गाड्याही त्यात आहेत. कंपनी २००९ मध्ये बंद पडली, पण पाना धरणारे हात इथेच राहिले, आणि त्यांची पुढची पिढी आता त्याच गाड्या उघडून बघते आहे.

अशा सगळ्यांना माझं सांगणं आहे की आधी कागद बघा, मग पाना उचला. इंजिन बांधून झाल्यावर नोंदणीची मुदत केव्हाच संपल्याचं कळणं, किंवा गाडी अजून वारलेल्या वडिलांच्याच नावावर असणं, हा प्रकार फार जणांच्या बाबतीत घडतो. मग नीट चालणारी गाडी रस्त्यावर काढता येत नाही आणि घातलेले पैसे अडकून पडतात.

आरसीवर काय बघायचं

आरसी कपाटातून काढा. परिवहन पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून तीच माहिती पुन्हा पडताळा. दोन्हींत फरक निघाला तर आधी तो मिटवा.

- मुदत. खाजगी दुचाकीची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षं चालते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. मुदत संपलेली गाडी चालवणं म्हणजे कायद्याच्या नजरेत बिननोंदणीची गाडी चालवणं.
- नाव. मालक वारले असतील तर ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. मुदत टळून वर्षं लोटली असतील तरी घाबरू नका. मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती जमवून अर्ज करा. बहीण-भावांच्या सह्या आज सहज मिळत असतील तर आजच घ्या.
- कर्जाचा बोजा. हप्ते वीस वर्षांपूर्वी संपले, पण आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव तसंच राहिलं, असं सर्रास दिसतं. त्या कंपनीचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ देऊन तो बोजा उतरवा. गाडी विकताना तो हमखास आडवा येतो.
- इंजिन आणि चासी नंबर. चिंधीला थोडं रॉकेल लावून नंबर पुसा आणि आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. मधे कधी दुसरं इंजिन बसवलं असेल आणि त्याची नोंद नसेल, तर तपासणीच्या वेळी गाडी अडेल.

पंधरा वर्षं झाली म्हणजे भंगार नव्हे

दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी बंद, हा नियम दिल्ली आणि राजधानी परिसराचा आहे. टीव्हीवर त्याच बातम्या सतत दिसतात, म्हणून इकडेही लोक धास्तावतात. महाराष्ट्रात खाजगी दुचाकी पंधरा वर्षांनंतरही चालवता येते. नूतनीकरण मात्र झालेलं हवं.

मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत परिवहन पोर्टलवर फॉर्म २५ भरा, शुल्क आणि पर्यावरण कर भरा आणि ठरलेल्या दिवशी गाडी तपासणीला न्या. आपल्या एमएच ०५ गाड्यांसाठी कल्याणचं आरटीओ. मोटारसायकलच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून १,००० रुपये झालं. वीस वर्षांपुढच्या मोटारसायकलींसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० रुपये करण्यात आलं. उशिराच्या प्रत्येक महिन्याला वेगळी रक्कम लागते, म्हणून ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणू नका. पैसे भरण्याआधी त्या दिवशीचा आकडा पोर्टलवरच बघा, एजंटाच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका.

तपासणीच्या आदल्या दिवशी घरीच एक फेरी मारा: हेडलाइट, ब्रेक लाइट, चारही इंडिकेटर, हॉर्न, दोन्ही आरसे, दोन्ही ब्रेक, टायरची नक्षी. मागच्या ब्रेकच्या पायाचा स्विच आणि हॉर्न यांच्यावरच सगळ्यात जास्त गाड्या परत येतात, आणि दोन्ही कामं घरी अर्ध्या तासात होतात. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट नसेल तर तीही बसवून घ्या. दुचाकीसाठी राज्याने दर ४५० रुपये अधिक जीएसटी असा ठरवला होता. नोंदणी परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरूनच करा, कारण बनावट संकेतस्थळं बरीच आहेत.

गाडी ठेवावी की सोडावी, याचा निर्णय इंजिनावरून करू नका. इंजिन पुन्हा बांधता येतं. चासी सडली असेल तर मात्र खर्च थांबवा. टाकी काढून खालची नळी बघा, मेन स्टँड जिथे बसतो तिथले वेल्डिंग बघा, मागच्या स्विंग आर्मचे सांधे बघा. गंजाच्या पापुद्र्यावर स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबा. टोक आत गेलं तर ती गाडी रस्त्यावर आणण्याच्या लायकीची राहिलेली नाही.

आणि सोडायचीच ठरली, तर रस्त्यावरच्या भंगारवाल्याला वजनावर देऊ नका. गाडी तुटून जाते, पण नोंदणी तुमच्या नावावर जिवंत राहते, आणि तो नंबर दुसऱ्या गाडीवर लागला तर पोलीस तुमच्या दारात येतात. सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्या, तिथून ठेव प्रमाणपत्र घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या.

घरी काय, गॅरेजात काय

जे काम तुम्ही उलट क्रमाने जसंच्या तसं परत जोडू शकता, आणि बरोबर झालं की नाही ते स्वतः तपासू शकता, ते घरी करा. बाकीचं गॅरेजात. मी हीच कसोटी वापरतो.

घरी करण्यासारखं: ऑइल बदलणं, प्लग, एअर फिल्टर, कार्बोरेटरची सफाई, टॅपेट, चेन ताणणं आणि बदलणं, क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल, बल्ब, बॅटरी, ड्रम ब्रेकचं ॲडजस्टमेंट.

गॅरेजात द्या: हेड आणि ब्लॉक उघडणं, बोअर-पिस्टन, क्रँकचं बेअरिंग, टायमिंग चेन, फोर्कचं सील, स्टिअरिंगचा बॉल रेस, डिस्क ब्रेकचं ऑइल. ‘हाफ इंजिन घरी होईल का’ याचं माझं उत्तर त्यामुळे ‘नाही’ असं आहे. हेडचे नट ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या जोराने आवळावे लागतात, बोअर लेथवर मापूनच वाढवावा लागतो. इंजिनाचा भाग गॅरेजात उघडत असताना तिथे उभं राहून बघा, विचारा. चांगला मेकॅनिक त्याला ना म्हणत नाही.

हत्यारांवर सुरुवातीलाच फार खर्च नको. रिंग पान्यांचा बरा सेट, टी पाने, प्लग पाना, फिलर गेज, चांगल्या टोकाचे स्क्रू ड्रायव्हर आणि साधा मल्टिमीटर एवढं पुरे. स्क्रू ड्रायव्हर मात्र महागातला घ्या. जपानी बनावटीच्या इंजिनांच्या साइड कव्हरचे चौफुली स्क्रू हलक्या ड्रायव्हरने लगेच गोल होतात, मग छिन्नी-हातोडा आणि मग नवं कव्हर. काम सुरू करण्याआधी आणि प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर फोटो काढा. नट-बोल्ट काढाल त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडत जा.

बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पेट्रोलची बाटली गॅलरीत, देवघराजवळ, स्वयंपाकघराच्या दाराशी नको. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करणार असाल तर सेक्रेटरींच्या कानावर आधी घाला आणि खाली पत्रा किंवा जाड पुठ्ठा अंथरा. तेलाच्या डागांवरून होणारी भांडणं त्याने टळतात.

सकाळी गाडी लागत नाही

किक मारून घाम काढण्याआधी क्रमाने चला.

१. चावी, किल स्विच, पेट्रोलचा कॉक. हसू नका, यातच निम्म्या तक्रारी मिटतात. कॉक रिझर्व्हवर फिरवून बघा.

२. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा स्क्रू सैल करून पेट्रोल काचेच्या छोट्या बाटलीत घ्या आणि उजेडात धरा. तळाला पाण्याचा वेगळा थर किंवा गंजाचे कण दिसले तर दोष टाकीत आहे, कार्बोरेटर बदलून काही होणार नाही. पेट्रोल आलंच नाही तर कॉकची जाळी तुंबली आहे किंवा टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं आहे.

३. प्लग काढा. विटकरी-तपकिरी रंग म्हणजे सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. ओला, तेलकट काळा आणि सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलचं काम निघालं आहे. पांढराफट म्हणजे पेट्रोल कमी पडतं आहे आणि इंजिन तापतं आहे. ही शेवटची खूण दुर्लक्षू नका.

४. ठिणगी बघताना प्लग कॅपमध्ये घालून त्याची धातूची कड हेडला नीट टेकवा आणि प्लगच्या भोकापासून लांब धरा. भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. प्लग अधांतरी ठेवून किक मारली तर सीडीआय जळण्याची भीती असते.

५. ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी लागत नाही? टॅपेट आणि कॉम्प्रेशनकडे वळा. प्लगच्या भोकावर अंगठा दाबून दुसऱ्याला किक मारायला सांगा. अंगठा जोराने उडायला हवा.

सेल्फस्टार्टच्या गाड्यांत बॅटरीही तपासा. उभ्या गाडीत मल्टिमीटरवर साडेबारा व्होल्टच्या आसपास, आणि इंजिनाचे आरपीएम वाढवल्यावर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट यायला हवेत. वाढलेच नाहीत तर नवी बॅटरी घेऊनही महिनाभरात ती बसेल, कारण दोष चार्जिंगमध्ये आहे.

इथेनॉलचं पेट्रोल आणि जुना कार्बोरेटर

पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या या मिश्रणाचा विचार करून बनवलेल्या नव्हत्या. त्यांच्यात दोन गोष्टी घडतात. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं आणि ठिसूळ करतं. पेट्रोलची नळी, कार्बोरेटरच्या वाटीचं पॅकिंग, सुईचं रबरी टोक, कॉकचं वॉशर हे सगळं त्यात आलं. दुसरं, इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. आपल्या पावसाळ्यात टाकीचं झाकण सैल असेल तर पाणी जमत जातं, आणि ते एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉलसह खाली बसतं. महिनाभर उभी असलेली गाडी जुलैत लागत नाही याचं हे मोठं कारण आहे.

त्यासाठी कार्बोरेटर बदलण्याची गरज नाही. नळी, पॅकिंग आणि सुई नव्या बनावटीची बसवा, टाकीच्या झाकणाचं रबर बदला. गाडी काही आठवडे उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करा, टाकी मात्र भरलेली ठेवा म्हणजे आत गंज चढणार नाही. त्याहून जास्त काळ उभी ठेवायची असेल तर टाकीही रिकामी करा.

सफाई करताना जेटच्या भोकात तार किंवा सुई घालू नका. भोक केसभर मोठं झालं तरी गाडी कायमची जास्त पेट्रोल खाते. कार्बोरेटर क्लीनर फवारा किंवा हवा मारा.

मिश्रणाचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत वळवा आणि किती फेऱ्यांत बसला ते मोजून लिहून ठेवा, म्हणजे परत त्याच जागी आणता येईल. मग बघा तो कुठल्या बाजूला आहे. एअर फिल्टरच्या बाजूचा स्क्रू हवा सोडतो, तो बाहेर काढला की पेट्रोलचं प्रमाण कमी होतं. इंजिनाच्या बाजूचा स्क्रू मिश्रण सोडतो, तो बाहेर काढला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. दोन गाड्यांत एकच सल्ला उलटा लागू पडतो तो यामुळे.

ऑइल, टॅपेट, चेन

ऑइलच्या डब्यावर ‘जासो एमए’ ही खूण बघा. आपल्या गाड्यांत क्लच इंजिनाच्या ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारचं घसरट ऑइल टाकलं की क्लच सुटतो आणि लोक विनाकारण क्लच प्लेट बदलतात. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोकमध्ये मात्र गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं आणि टू-टी ऑइल वेगळं, त्यांची गल्लत नको. जुन्या हिरो होंडात ऑइलची पातळी बघताना काडी पुसून नुसती आत टेकवायची असते, आटे आवळायचे नसतात. ड्रेन बोल्ट परत लावताना पहिले तीन-चार आटे बोटांनी फिरवा, मग पाना. खालची केस ॲल्युमिनियमची असते, तिचे आटे गेले की पन्नास रुपयांचं वॉशर वाचवण्याच्या नादात हजारांचं काम निघतं. प्रत्येक वेळी वॉशर नवं घाला.

टॅपेट सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना करा. प्लग काढा, फ्लायव्हीलवरची ‘टी’ खूण केसवरच्या खुणेसमोर आणा. दोन्ही रॉकर हाताने किंचित हलायला हवेत. एक घट्ट लागला तर आणखी एक पूर्ण फेरा द्या. आता पुस्तकात दिलेल्या मापाची फिलर गेजची पट्टी आत घालून बघा. थोडी अडत सरकली की माप बरोबर. लॉक नट आवळताना मधला स्क्रू फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मापा. टॅपेटचा थोडा टिकटिक आवाज चालतो. आवाज पूर्ण बंद होईपर्यंत आवळलेला टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो, हे लक्षात असू द्या.

चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला. जुन्या दात्यांवर नवी चेन फार लवकर खराब होते. चेनच्या जोडावरची क्लिप लावताना तिची बंद बाजू चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला आणि उघडी बाजू मागे हवी. वरच्या पट्टीवर बघाल तर बंद टोक पुढच्या चाकाकडे. क्लिप उलटी लागली तर चालत्या गाडीत निसटते, आणि सुटलेली चेन केस फोडते किंवा मागचं चाक जाम करते.

काढलेलं काळं ऑइल गटारात ओतू नका. मोहन्यातली गटारं उल्हासला मिळतात आणि त्याच नदीचं पाणी कल्याण-डोंबिवलीच्या नळांना येतं. जुन्या डब्यात भरून गॅरेजच्या पिंपात द्या. वापरलेलं ऑइल गोळा करणारे तिथून ते विकत घेतात, त्यामुळे गॅरेजवाले घेतात.

पुराचं पाणी लागलेली गाडी

२६ जुलै २००५ चा पूर आणि २०१९ च्या जुलैअखेर महालक्ष्मी एक्स्प्रेस ज्या पुरात बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली तो, दोन्ही वेळा उल्हासने काठावरच्या वस्त्यांना झोडपलं. अशा पावसात खालच्या पार्किंगमधल्या गाड्या बुडतात. पाणी ओसरल्यावर पहिला मोह होतो किक मारून बघण्याचा. तो आवरा. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पाणी दाबलं जात नाही, आणि त्या दाबाने कनेक्टिंग रॉड वाकतो. जी गाडी हजार-दोन हजारांत वाचली असती तिचं फुल इंजिनचं काम निघतं.

- पाणी कुठवर चढलं होतं त्याची खूण गाडीवर दिसते. तिचे फोटो सगळ्या बाजूंनी काढा. नुकसानभरपाईचा पूर्ण विमा असेल तर गाडी हलवण्याआधी विमा कंपनीला कळवा. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात पुराचं नुकसान मिळत नाही.
- बॅटरीची वायर काढा, आधी निगेटिव्ह. चावी लावून दिवे तपासत बसू नका.
- प्लग काढा, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने सावकाश फिरवा. पाणी असेल तर भोकातून बाहेर येईल.
- ऑइल काढा. चहासारखं दुधाळ निघालं तर आत पाणी गेलं आहे. स्वस्तातलं नवं ऑइल भरा, गाडी लागल्यावर दोन-तीन मिनिटं चालवून तेही काढा. दुधाळपणा जाईपर्यंत हे पुन्हा करा, मग नेहमीचं ऑइल भरा.
- टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करा. कागदी एअर फिल्टर वाळवून चालत नाही, नवा घाला. सायलेन्सरमध्ये पाणी साचलेलं असतं, गाडी मागे कलवून ते काढा.
- वायरिंगचे जोड उघडून वाळवा.
- दोन्ही चाकं उघडून ब्रेकचे ड्रम पुसा. लायनरची धूळ तोंडाने फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसा.
- चाकांची बेअरिंग महिनाभरात वाजू लागतील, हे धरून चाला. पुराचं पाणी गाळाचं असतं.

पीयूसी आणि विमा

बीएस-४ च्या आधीच्या गाडीची पीयूसी सहा महिन्यांची असते, वर्षाची नव्हे. इंजिन बंद करून रांगेत थांबलेली थंड गाडी चाचणीत नापास होऊ शकते, म्हणून तीन-चार किलोमीटर चालवून जा, चोक पूर्ण बंद आहे ना बघा, एअर फिल्टर आदल्या दिवशी साफ करा. ३१ मार्च २००० नंतर बनलेल्या जुन्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के आहे, त्याआधीच्या गाड्यांना ४.५ टक्के. मर्यादेच्या बाहेर आकडा आला तर चाचणी करणाऱ्याला तो कागदावर मागा. मिश्रणाचा स्क्रू किती फिरवायचा ते त्यावरून ठरवता येतं.

थर्ड पार्टी विमा चुकवू नका. तुमच्या गाडीने कुणाला इजा झाली आणि विमा नसला तर भरपाई तुमच्या घरातून जाते. ७५ ते १५० सीसी गाडीसाठी २०२२ मध्ये ठरलेला वर्षाचा दर ७१४ रुपये अधिक कर असा होता. एका टायरच्या निम्म्याहून कमी रक्कम आहे ती.

फेरफार करायचा मोह

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. मालकाने केलेल्या प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. रंग बदलला तर आरसीवर नोंद हवी, इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी हवी. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर लावून रात्री शहाड पुलावरून जाणाऱ्या मुलांना एवढंच सांगेन की दुसऱ्या गाडीला बनवलेला सायलेन्सर १०० सीसी इंजिनाची ताकद वाढवत नाही, बहुतेक वेळा खालची ओढ कमीच करतो.

हौसेने जुनी आरएक्स १०० घेणाऱ्यांनी आणखी एक बघावं. या गाडीचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. आरसीवर बनावटीचं वर्ष २००० लिहिलं असेल तर ती दुसरी गाडी आहे, किंवा कागद दुसरे आहेत. चासीवरचे आकडे वेड्यावाकड्या उंचीचे किंवा घासून पुन्हा ठोकलेले वाटले तर किंमत कितीही कमी असो, व्यवहार सोडा. पैसे दिल्यावर फॉर्म २९ आणि ३० लगेच भरून घ्या, नुसत्या सही केलेल्या कोऱ्या फॉर्मवर गाडी घेऊ नका.

पार्ट आणि गॅरेजचं बिल

बंद पडलेल्या मॉडेलचे पार्ट आधी कल्याण-उल्हासनगरच्या दुकानांत विचारा, तिथे नाही मिळाले तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. जुना पार्ट सोबत घेऊनच जा, नावावरून विचारू नका. लायनर, बेअरिंग, चेन, क्लच प्लेट यांत कंपनीचा माल घ्या, वेष्टनावरचा होलोग्राम आणि छापील किंमत बघा. साइड पॅनल, आरसा, सीट कव्हर बाजारातलं चालेल. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. फार वर्षं पडून राहिलेला टायर नक्षी नवी असली तरी नको.

गॅरेजात गाडी देताना कामं आणि अंदाजे खर्च लिहून घ्या, साध्या कागदावर किंवा व्हॉट्सॲपवर चालेल. वाढीव काम निघालं तर विचारून मगच करा, असंही त्यातच लिहा. बदललेले जुने पार्ट परत देण्याची अट आधीच घाला आणि बिल घ्या. एक गोष्ट दोन्ही बाजूंनी समजून घ्यावी: ठरलेलं काम झालं आणि पैसे दिले नाहीत, तर भारतीय करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे मेकॅनिक गाडी अडवून ठेवू शकतो. पण गाडी त्याच्या ताब्यात असताना तिची वाजवी काळजी घेणं त्याच्यावर बंधनकारक आहे, रात्री रस्त्यावर सोडून ती चोरीला गेली तर ‘मी काय करू’ असं त्याला म्हणता येत नाही.

वाद झालाच तर आधी लेखी तक्रार त्याच गॅरेजला द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा. तिथेही मिटलं नाही तर ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही, आणि तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्ह्यात दावा करता येतो. ई-जागृती पोर्टलवरून अर्ज घरबसल्या भरता येतो. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तो दाखल झाला पाहिजे, आणि सोबत बिल, संदेश आणि परत घेतलेला तो जुना पार्ट लागेल.